परिचर्या पदवी महाविद्यालयाची पारख कशी करावी?

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च व विभागवार कार्याच्या वृत्तांताबरोबर एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाचा परिचय करून देणारा लेख प्रसिद्ध करण्याचा प्रघात आहे. यंदा परिचर्या शिक्षणाचा विषय निवडला आहे व त्यास सबळ कारण आहे. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या, परंतु घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलींना ट्रस्टच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून मदत दिली जाते. मदत मुलीच्या नावाने मंजूर होते, पण पैसा अखेर महाविद्यालयाच्या खाती जमा होतो. तेव्हा ते महाविद्यालय चार वर्षांत तिला खरोखर परिचारिका करून सोडणार आहे की केवळ पदवी हाती ठेवणार आहे, हे पाहणे देणगीदारांप्रती आमचे कर्तव्य ठरते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पालकही हाच प्रश्न वारंवार आमच्याकडे घेऊन येतात. कुणी दोन बिघे जमीन गहाण टाकलेली असते, कुणी बँकेचे कर्ज काढावयाच्या बेतात असते. ही पारख आम्ही कोणत्या निकषांवर करतो, ते येथे सविस्तर मांडत आहोत.

प्रथम पदवी व पदविका यांतील फरक स्पष्ट करणे अगत्याचे आहे, कारण पुष्कळ पालकांच्या मनात ए.एन.एम., जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंग यांची सरमिसळ झालेली आढळते. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा व जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची विद्यापीठीय पदवी. आपल्या देशात अशा पदवीची सुरुवात १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे झाली. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले. खानदेशात हे शिक्षण बऱ्याच उशिरा पोहोचले. पूर्वी आमच्या भागातील मुलीस पदवी हवी असेल तर मुंबई, पुणे वा नागपूरची वाट धरावी लागे. आता ती घराजवळ मिळू शकते, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र निवड करण्याची जबाबदारीही त्याबरोबर घराशी आली आहे.

पदवीने नेमका काय लाभ होतो, असे विचारणारे पालकही भेटतात. व्यवहाराचे उत्तर असे की, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांच्या सामाईक भरती परीक्षेस पदवीधर मुलगी अनुभवाशिवाय बसू शकते. पदविकाधारकास किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. २०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले, तेव्हा समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पदही पदवीधर परिचारिकांस खुले झाले. रुग्णाच्या दृष्टीने उत्तर त्याहून मोठे आहे. युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालये व चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्ण यांचा अभ्यास लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की रुग्णालयात दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले. एका परिचारिकेवरील रुग्णसंख्या एकाने वाढली की तीच शक्यता सात टक्क्यांनी वाढते, हेही त्याच अभ्यासाने दाखविले. आम्हा रुग्णालये चालविणाऱ्यांनी हे दुसरे वाक्य विसरता कामा नये.

तथापि या आकड्यांवरून लगेच निष्कर्ष काढणे घाईचे होईल. युरोपीय संघाच्या नियमानुसार परिचारिकेचे शिक्षण किमान ४,६०० तासांचे असावे लागते व त्यांतील निम्मे तरी तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत जावे लागतात. तेथील पदवीचे बळ त्या तासांत आहे. आपल्याकडील नियमही याबाबतीत सैल नाहीत. २०२१-२२ पासून आपला अभ्यासक्रम आठ सत्रांचा व श्रेयांक पद्धतीचा झाला. त्यात एक श्रेयांक वर्गातील तासिकांचा असेल तर २० तास, प्रयोगशाळेचा असेल तर ४० तास आणि रुग्णालयातील असेल तर ८० तास मोजले जातात. वर्गातील उपस्थिती ८० टक्के असली तर परीक्षेस बसता येते, पण पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची उपस्थिती प्रत्येक विभागात शंभर टक्के भरावी लागते. नियम करणाऱ्यांच्या मनात रुग्णशय्या वर्गाहून किती मोठी होती, हे यावरून कळावे. म्हणून महाविद्यालयाची पारख करताना आमचा पहिला प्रश्न इमारतीविषयी नसतो. ते ८० तास मुलगी कोठे, कोणापाशी व किती रुग्णांत घालविणार, हा आमचा पहिला प्रश्न असतो.

मान्यतेचे कागद पाहणे अर्थातच आवश्यक आहे, पण ते काम अर्ध्या दिवसाचे आहे. महाविद्यालय नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे काय व त्यास महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि भारतीय परिचर्या परिषद यांची मान्यता चालू वर्षाकरिता आहे काय, एवढे पाहावे. ‘चालू वर्षाकरिता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भिंतीवर चौकटीत लावलेले पत्र कोणत्या सालचे आहे, ते जवळ जाऊन वाचावे. खानदेशात एक गैरसमज नेहमी आढळतो: जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे हा अभ्यासक्रम असावा, असे अनेकांना वाटते. तसे नाही. १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून राज्यातील परिचर्या महाविद्यालयांची संलग्नता, अभिमत विद्यापीठांसारखे काही अपवाद सोडता, नाशिककडे आहे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला असून परिषदेची जागा आयोगाने घ्यावी, अशी त्यात तरतूद आहे. तेव्हा पुढील काळात कागदावरील नावे बदललेली दिसल्यास गोंधळून जाऊ नये. राज्य परिषदेची नोंदणी झाल्याखेरीज परिचारिका म्हणून काम करता येत नाही व मान्यता नसलेल्या संस्थेतून शिकलेल्या मुलीची नोंदणी होत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आता खाटांचा हिशोब. येथे वाचकांनी थोडी आकडेमोड सहन करावी, कारण सर्व मर्म त्यातच आहे. परिषदेच्या निकषानुसार पदवी महाविद्यालयास स्वतःचे किमान १०० खाटांचे मातृ-रुग्णालय असावे लागते व रुग्णालयातील प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान तीन रुग्ण असावे लागतात. समजा, एका महाविद्यालयाची प्रवेशक्षमता ६० आहे. चार वर्षे मिळून २४० विद्यार्थी झाले. त्यांतील निम्मे एका वेळी रुग्णालयात धाडले, तर १२० झाले. त्यांना सकाळ व दुपार अशा दोन पाळ्यांत वाटले, तरी एका पाळीस ६० विद्यार्थी येतात आणि त्यांच्याकरिता १८० रुग्ण लागतात. शंभर खाटांच्या रुग्णालयात पंचाहत्तर खाटा भरलेल्या असल्या, तर ते रुग्ण एका पाळीस २५ विद्यार्थ्यांनाच पुरतात. उरलेल्या ३५ जणांनी जावे कोठे? त्यांना जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वा खासगी रुग्णालये यांच्याशी संलग्न करून पाठविले जाते. यात काहीच गैर नाही. उलट मोठ्या शासकीय रुग्णालयात मुलीला जे पाहावयास मिळते ते छोट्या रुग्णालयात मिळणे नाही. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा २०१८ साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या वॉर्डांत गोरगरीब रुग्णांची रीघ असते व शिकणाऱ्यास ती मोठी शाळाच आहे.

अडचण येते ती मोजणीत. एकाच मोठ्या रुग्णालयातील खाटांवर ए.एन.एम., जी.एन.एम. आणि पदवी अशा अनेक संस्थांच्या विद्यार्थिनी येत असतील, तर प्रत्येक संस्थेच्या कागदावर तीच खाट पुन्हा मोजली जाण्याचा संभव असतो. कागदावर सर्वांचे प्रमाण बरोबर. वॉर्डात मात्र एका रुग्णाभोवती आठ मुली, आणि रक्तदाब मोजणारी त्यांतील एकच. बाकीच्या सात पाहतात व लॉगबुकात लिहितात. म्हणून आम्ही महाविद्यालयास खाटांची संख्या विचारीत नाही. या महिन्याच्या नेमणुकीचा तक्ता मागतो आणि त्याच वॉर्डात त्याच पाळीस आणखी कोणत्या संस्थांच्या विद्यार्थिनी असतात, हे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला विचारतो. मुख्य कार्यालयात न मिळणारी माहिती इन्चार्ज सिस्टरपाशी सहसा मिळते, असा आमचा अनुभव आहे.

खाटांइतकाच शिक्षकांचा प्रश्न. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरलेले आहे. वर सांगितलेल्या २४० विद्यार्थ्यांस २४ शिक्षक हवेत, आणि ते नुसते पटावर असून भागत नाही. सकाळी आठ वाजता वॉर्डात हवेत. परिचर्या हे हाताने शिकण्याचे शास्त्र आहे. सलाइनचे थेंब मोजणे पुस्तकात अर्ध्या पानात संपते, पण तापाने फणफणलेल्या, हात हिसडणाऱ्या बालकाच्या शिरेत सुई घालताना मागे अनुभवी शिक्षिका उभी असेल तरच मुलीचा हात स्थिरावतो. शिक्षिका महाविद्यालयातच थांबत असतील व मुलींना वॉर्डच्या कामास पाठवून दिले जात असेल, तर त्या चार वर्षांत विनावेतन मदतनीस होतात. कामसू होतात, यात शंका नाही. पण का, केव्हा, किती, हे विचारण्याची सवय त्यांना लागत नाही.

खानदेशात याचे मोल विशेष आहे, ते दोन उदाहरणांनी सांगतो. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून सर्पदंशाचे रुग्ण येतात. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखण्याची सोपी पद्धत अशी की, रुग्णाचे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यावयाचे, ती वीस मिनिटे न हलविता ठेवावयाची व मग तिरपी करून पाहावयाची. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे. नळी प्लॅस्टिकची असेल, साबणाने धुतलेली असेल किंवा कुणी मध्येच हलविली, तर उत्तर चुकते. ही चाचणी बहुधा परिचारिकेच्या हातून होते. त्यानंतर प्रतिविषाचे सलाइन सुरू झाले की पहिल्या काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात काय, श्वास लागतो काय, हे खाटेशी उभे राहून पाहणे व ॲड्रिनॅलिन हाताशी तयार ठेवणे, हेही तिचेच काम. डॉक्टर त्या वेळी दुसऱ्या रुग्णापाशी असू शकतात.

दुसरे उदाहरण कापसावरील फवारणीच्या दिवसांतले. कीटकनाशकाने विषबाधा झालेल्या शेतकऱ्यास ॲट्रोपिन दिले जाते व मात्रा पुरी झाली की नाही हे नाडी, बाहुल्या, छातीतील घरघर आणि तोंडातील लाळ यांवरून वारंवार ठरवावे लागते. ही नोंद दर काही मिनिटांनी करावयाची असते. रात्री तीन वाजता केसपेपरवर एकाच हाताने, एकाच शाईने, एकसारखे आकडे ओळीने उतरलेले दिसले, की ती परिचारिका कोठे शिकली असावी याची कल्पना येते. तेव्हा महाविद्यालयात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलीला आम्ही विचारतो, ‘ॲट्रोपिन चालू असलेला रुग्ण तू स्वतः किती वेळ सांभाळलास?’ उत्तरापेक्षा उत्तर देण्यापूर्वीची तिची नजर अधिक सांगून जाते.

प्रसूतिकक्षाबाबतही तेच. प्रत्येक विद्यार्थिनीने किती गर्भवतींची तपासणी करावी, किती बाळंतपणांत साहाय्य करावे व किती स्वतः करावीत, याची किमान संख्या अभ्यासक्रमात घालून दिली आहे आणि तिची नोंद लॉगबुकात असते. ज्या रुग्णालयात महिन्यास होणारी बाळंतपणे विद्यार्थिनींच्या संख्येच्या मानाने अगदी थोडी असतील, तेथे लॉगबुक भरते कसे, हा साधा भागाकार पालकही करू शकतात. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांच्या पाड्यांवर उद्या हीच मुलगी उपकेंद्रात एकटी असेल. अतिरक्तस्राव सुरू झाला तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंतचा वेळ तिच्या हाती आहे; त्याकरिता लागणारे ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये होते की खिडकीत, हे तिला माहीत असले पाहिजे.

समाज आरोग्य परिचर्येची नेमणूक हा भाग बहुतेक माहितीपत्रकांत दोन ओळींत आटोपलेला असतो. आम्ही त्यास बरेच वजन देतो. सिकलसेलचा आजार सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात आहे. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. पण चाचणीनंतर मुलाच्या आई-वडिलांना वाहक म्हणजे काय व रुग्ण म्हणजे काय, हे समजावणे परिचारिकेच्या वाट्यास येते. ते अहिराणीत, पावरीत किंवा भिल्लीत समजवावे लागते. ‘पोट दुखस, चक्कर येस’ एवढेच सांगणाऱ्या आजीबाईंकडून पुढचे चार प्रश्न कोणी विचारून घ्यावेत? इंग्रजी संभाषणाचे वर्ग अनेक महाविद्यालयांत भरतात व परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलींना त्यांचा उपयोग आहे. आम्ही मात्र विद्यार्थिनी किती दिवस गावात जातात, घरोघरी जातात की ग्रामपंचायतीच्या ओट्यावर छायाचित्रापुरत्या उभ्या राहतात, याची चौकशी करतो.

निकालाच्या टक्केवारीस आम्ही फारसे महत्त्व देत नाही, हे ऐकून काहींना नवल वाटेल. विद्यापीठाचा निकाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहता येतो व पाहावाही. पण ‘९५ टक्के निकाल’ म्हणजे शेवटच्या परीक्षेस बसलेल्यांचे ९५ टक्के. पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या ६० मुलींपैकी चौथ्या वर्षाअखेर किती उरल्या व वेळेत किती पदवीधर झाल्या, हा आकडा विचारावा. गळती का झाली, हेही विचारावे. फी न भरता आल्याने, लग्न ठरल्याने किंवा इंग्रजीतील शरीररचनाशास्त्र न झेपल्याने मुली सुटतात. त्यांपैकी तिसऱ्या कारणावर तरी महाविद्यालयाने काही उपाय केला आहे काय? पदवीनंतर मुली कोठे गेल्या, याची यादी ठेवणारे महाविद्यालय आम्हास आवडते, मग त्या यादीतील नावे थोडी का असेनात.

शुल्काबाबत थोडक्यात सांगतो. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. देणगी शुल्क घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीय प्रक्रियेतून घ्यावा, असा आमचा आग्रह असतो, कारण सवलती त्यावर अवलंबून आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास ही सवलत नाही. वसतिगृह, खानावळ, गणवेश, पुस्तके आणि वॉर्डापर्यंतचा बसखर्च सवलतीत येत नाही, व आमच्या निधीकडे येणारे अर्ज मुख्यतः याच खर्चाचे असतात. मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालय ताब्यात ठेवते काय आणि पदवीनंतर सेवेचा करार लिहून घेते काय, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे.

इमारत, ग्रंथालय व कौशल्य प्रयोगशाळा यांचा अनुल्लेख राहू नये. प्रयोगशाळेतील पुतळ्यावर पहिले इंजेक्शन टोचणे हे जिवंत माणसावर टोचण्यापेक्षा केव्हाही बरे, म्हणून ती सुसज्ज हवीच. मात्र माहितीपत्रकातील छायाचित्रात रिकामी खाट फार नीटनेटकी दिसते, एवढे पालकांनी लक्षात असू द्यावे.

शक्य असल्यास पालकांनी मुलीसह, महाविद्यालयाची रीतसर परवानगी घेऊन, सकाळच्या पाळीत संलग्न रुग्णालयास भेट द्यावी. तास-दीड तास पुरेसा होतो. परवानगी देण्यास कोणी फारच कां-कूं करीत असेल, तर ते उत्तरही नोंदवून ठेवावे.

आगामी वर्षापासून निधीच्या अर्जासोबत विद्यार्थिनीने महाविद्यालयाचे चालू वर्षाचे मान्यतापत्र, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतील वाटपपत्र, कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला आणि मातृ-रुग्णालयाचे नाव व खाटा यांची माहिती जोडावयाची आहे. दुसऱ्या वर्षापासून लॉगबुकाची छायाप्रतही मागविली जाईल व ती आपल्या रुग्णालयाच्या अधिसेविका स्वतः पाहतील. अर्ज प्रवेश निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत ट्रस्टच्या कार्यालयात द्यावेत. ज्यांच्या घरी अर्ज लिहिण्यास कोणी नाही, त्यांनी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत समाजसेविकांस भेटावे. अर्ज तेथे भरून दिला जातो.